पिल्लांच्या खाद्यात गोडी: १५ रुपयांचं काम ६९० रुपयांना करू नका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण वराहपालनातल्या खाद्याच्या खर्चावर बोललो. एक प्रश्न वेळेअभावी राहून गेला, तो इथे सविस्तर घेतो. प्रश्न आलाय धर्मापुरीहून. आपल्या बीड जिल्ह्यातलं, परळी-अंबाजोगाईच्या पट्ट्यातलं, केदारेश्वराच्या जुन्या देवळाचं गाव. तिथले एक दादा विचारतात: "सर, माझ्याकडे १० माद्या आहेत. पिल्लं आईपासून तोडली की आठवडाभर नीट खात नाहीत, वजन घटतं, हगवण लागते. खाद्यवाला म्हणतो स्वीटनरची पुडी टाका, पिल्लं खाद्यावर तुटून पडतील. टाकू का? आणि टाकली तर किती दिवस?"

दादा, पहिला प्रश्न चांगला आहे, पण पैसा आहे दुसऱ्या प्रश्नात. "किती दिवस?" याचं उत्तर चुकलं तर तुमच्या १० माद्यांच्या धंद्यात वर्षाला लाखभर रुपये नुसत्या गोडीत जाऊ शकतात. कसे, ते खाली हिशोब मांडून दाखवतो.

आधी एक गोष्ट मान्य करू. आपल्याकडे शेळीपालन म्हटलं की लोक चहा पाजून माहिती विचारतात, आणि वराहपालन म्हटलं की विषय बदलतात. काही समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलं, पण त्यांना ना कोणी खाद्याचं शास्त्र सांगितलं, ना कोणी हिशोब शिकवला. त्यामुळे या धंद्यात माणसाला सल्ला मिळतो तो बहुतेक वेळा पुडी विकणाऱ्याकडूनच. म्हणून आज जरा खोलात जाऊ.

पिल्लू खात का नाही?

जन्मताना पिल्लू असतं साधारण एक ते दीड किलोचं. पहिले काही आठवडे ते जवळपास दर तासाला आईला लुचतं. दूध कोमट, पातळ, किंचित गोड. आई हुंकार देते, सगळी भावंडं एकदम रांगेत लागतात. खायची वेळ कोणती, हे पिल्लाला स्वतः ठरवावंच लागत नाही.

आणि एक दिवस आपण त्याला तोडतो. आई गेली, हाक गेली, दूध गेलं. समोर काय, तर मक्याचा भरडा आणि सोयाबीन पेंड. कोरडं, पिठूळ, अनोळखी वासाचं. शिवाय शेजारी दुसऱ्या मादीची पिल्लं, म्हणजे भांडणं आली. काही पिल्लं पहिल्याच दिवशी तोंड लावतात, काही मात्र दीड-दोन दिवस काहीच खात नाहीत.

खरं नुकसान याच उपाशी दोन दिवसांत होतं. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक केस असतात. अन्नरस शोषायचं काम त्यांचं. पोटात काही गेलं नाही की ते आखूड होतात. मग तिसऱ्या दिवशी भुकेलं पिल्लू एकदम भरपूर खातं, ते पचत नाही, न पचलेल्या अन्नावर जंतू वाढतात आणि हगवण सुरू. आपण म्हणतो, "खाद्य बाधलं." बरेचदा खाद्य बाधलेलं नसतं, आधीचा उपवास बाधलेला असतो.

म्हणजे गोडीचं काम एवढंच: पिल्लाने लवकर तोंड लावावं आणि थोडं थोडं खात राहावं.

डुकराला गोड कळतं, पण आपल्यासारखं नाही

डुकराच्या जिभेवर चव ओळखणाऱ्या कळ्या माणसापेक्षा दुपटीच्या आसपास असतात आणि गोड त्याला मनापासून आवडतं. याउलट कोंबडीच्या शरीरात गोड ओळखणारी यंत्रणाच अपुरी आहे, तिला साखरेची गोडी कळत नाही. तेव्हा कोणी पोल्ट्रीच्या खाद्यात गोडीची पुडी विकायला आलं तर दोन हात लांब राहा.

पण डुकराला गोड आवडतं म्हणजे आपल्याला जे गोड लागतं ते सगळं त्याला गोड लागतं, असं नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डुकरांसमोर निरनिराळे गोड पदार्थ ठेवून पाहिले. साधी साखर त्यांना फार आवडली. सॅकरिनकडे ती वळली, पण माणसावर जेवढा परिणाम होतो त्यापेक्षा कमी. आणि अ‍ॅस्पार्टेम, सायक्लामेट यांच्याकडे त्यांनी लक्षही दिलं नाही. मेडिकलमधल्या बऱ्याच शुगर-फ्री गोळ्यांमध्ये अ‍ॅस्पार्टेमच असतं. तेव्हा त्या कुटून खाद्यात टाकायची आयडिया कोणी दिली तर सोडून द्या. पिल्लाला ते पीठच लागणार.

पिल्लांच्या खाद्यासाठीच्या पुड्यांमध्ये बहुतेक वेळा सोडियम सॅकरिन असतं. सॅकरिन जुनंच आहे. १८७९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टन्टिन फालबर्ग यांना ते सापडलं. साखरेच्या सुमारे ३०० पट गोड, पण मागे कडवट, धातूसारखी चव राहते. ती झाकायला अनेक कंपन्या त्यात निओहेस्पेरिडिन डीसी मिसळतात. ते कडू संत्र्याच्या जातीच्या फळातल्या कडू द्रव्यापासून बनवतात. एकटं दिलं तर डुक्कर त्याला भुलत नाही.

आता एक खरंच कामाची गोष्ट. गोड ओळखणारी यंत्रणा नुसती जिभेवर नसते, आतड्यातही असते. २०१० मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की नुकत्याच तोडलेल्या पिल्लांच्या खाद्यात या दोन पदार्थांचं मिश्रण घातलं तर आतड्यातली साखर शोषणारी दारं वाढतात. म्हणजे पिल्लाने खाल्लेल्या मक्यातली ताकद अंगी लागायला मदत होऊ शकते. पण पुढचं वाक्यही ऐका: प्रत्यक्ष वजनवाढीचे प्रयोग ठिकठिकाणी झालेत आणि निकाल एकसारखे नाहीत. कुठे खाणं वाढलं, कुठे काहीच फरक पडला नाही. म्हणून "हमखास वजन वाढणार" असं कोणी म्हटलं तर मान डोलावू नका. आपल्या शेडमध्ये तपासून बघा. कसं तपासायचं ते सांगतोच.

गूळ, मोलॅसिस की पुडी?

"सर, गूळ आपल्याच भागात होतो, तोच का नको?" हा प्रश्न हमखास येतो. चालतो की! पण तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली: पहिल्या आठवडा-दहा दिवसांत पिल्लाला गूळ-साखर अजिबात देऊ नका. त्या वयात पिल्लाला दुधातली साखर पचते, उसाची पचत नाही, कारण ती पचवणारा पाचक रस अजून तयार झालेला नसतो. प्रेमाने गुळाचं पाणी पाजाल आणि हगवण लावून घ्याल.

दुसरी: गुळाने गोडी यायला तो किलोंमध्ये घालावा लागतो. १०० किलो खाद्यात ५ किलो गूळ, भाव किलोला ४५ रुपये धरला तर २२५ रुपये, म्हणजे किलोमागे सव्वादोन रुपये. त्यातून ताकदही मिळते, ही जमेची बाजू. पण तेवढाच मका आणि पेंड कमी होते, त्यामुळे प्रथिनांचं गणित पुन्हा बसवावं लागतं. पावसाळ्यात गुळामुळे खाद्य ओलसर होऊन बुरशी धरतं ते वेगळंच.

तिसरी: मोलॅसिस, म्हणजे साखर कारखान्यातली पातळ काळी मळी. स्वस्त वाटते, पण त्यात क्षार जास्त. लहान पिल्लांना जास्त झाली की शेण पातळ होतं. शिवाय तिच्या खरेदी-साठवणुकीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियम आहेत. "ओळखीने एक ड्रम आणला" असं करून धंदा अडचणीत आणू नका.

आणखी एक जुगाड ऐकायला येतो: हॉटेलातला गुलाबजामचा पाक, उरलेली मिठाई. फुकटची गोडी! पण हॉटेलच्या उरलेल्या अन्नाबरोबर काय काय येतं याचा भरवसा नाही. आफ्रिकन स्वाइन फिव्हर २०२० मध्ये ईशान्य भारतात पहिल्यांदा आला आणि त्याला औषध नाही. हॉटेलचं उरलेलं देणारच असाल तर चांगलं उकळल्याशिवाय कोणत्याही वयाच्या डुकराला देऊ नका, आणि पिल्लांना तर नकोच.

आता हिशोब. वही-पेन घ्या

आकडे समजण्यासाठी धरलेत. तुमच्या बाजाराचे भाव घालून पुन्हा मांडा.

धरून चालू की पुडीमुळे खाद्य किलोमागे ३ रुपयांनी महागतं. पिल्लं ३५ दिवसांच्या आसपास तोडली. तोडण्याआधीचं क्रीप फीड आणि तोडल्यानंतरचे १४ दिवस मिळून एक पिल्लू साधारण ५ किलो खाद्य खाईल.

५ किलो गुणिले ३ रुपये = पिल्लामागे १५ रुपये.

जिवंत वजनाचा भाव किलोला १२० रुपये धरला तर पिल्लाचं वजन फक्त १२५ ग्रॅमने जास्त भरलं तरी पुडीचे पैसे निघाले. आणि ४० पिल्लांतलं एक मरायचं वाचलं, तर सगळ्यांचा खर्च, म्हणजे ६०० रुपये, एका फटक्यात वसूल. सरळ आहे: या काळात पुडी महाग नाही.

आता पुढचा भाग बघा. पिल्लं तुटून पडताना दिसली की आपण खूश होतो. खाद्यवाला म्हणतो, "दादा, बघितलं ना? आता ग्रोअरमध्येही चालू ठेवा." आणि आपण ठेवतो.

१२ किलोचं पिल्लू ९० किलोचं करायचं म्हणजे ७८ किलो वाढ. एक किलो वाढीला साधारण ३ किलो खाद्य. म्हणजे सुमारे २३० किलो खाद्य.

२३० किलो गुणिले ३ रुपये = डुकरामागे ६९० रुपये.

दादा, तुमच्या १० माद्या. वर्षाला दोन वेत, वेताला तोडण्यापर्यंत जगलेली ८ पिल्लं धरली तर १६० पिल्लं. सगळी मोठी करून विकलीत तर:

– फक्त पिल्लांच्या वयात पुडी: १६० गुणिले १५ = २,४०० रुपये
– त्यानंतर विक्रीपर्यंत चालू ठेवली तर: आणखी १६० गुणिले ६९० = १,१०,४०० रुपये

वाढत्या डुकराला भूक लावायला गोडी लागत नाही हो. निरोगी असेल, पाणी असेल, ऊन लागत नसेल तर ते भरडा बिनगोडाचाच फस्त करतं. त्या लाखभर रुपयांत गुंतवणुकीवर परतावा काय? मला दिसत नाही.

बरेच जण राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या अनुदानाकडे बघून या धंद्यात येतात. ते अनुदान भांडवली खर्चावर आहे, शेडवर आणि जनावरांवर. खाद्याचं बिल दर महिन्याला तुमच्याच खिशातून जातं आणि वराहपालनात सगळ्यात मोठा खर्च तोच असतो. तिथे किलोमागचे ३ रुपये म्हणजे गंमत नाही.

पुडीच्या आधी ही पाच कामं

ही झाली नसतील तर पुडीचे १५ रुपयेही वाया.

१. पाणी. तोडलेलं पिल्लू पाणी शोधता न आल्याने उपाशी राहतं. तहानलेलं पिल्लू कोरडं खाद्य खात नाही, मग ते कितीही गोड असो. पहिले दोन दिवस निपलमधून थेंब थेंब पाणी गळू द्या किंवा उथळ भांडं ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो. टाकीवरून आलेला पाइप उन्हात असेल तर पाणी चहासारखं गरम येतं. हात लावून बघा.

२. ऊब. दिवसा उकाडा असला तरी हिवाळ्यात मराठवाड्यातली रात्र चांगलीच गार असते. तोडलेल्या पिल्लाला २८ अंशांच्या आसपास ऊब लागते. पिल्लं एकमेकांवर चढून झोपत असतील तर थंडी वाजतेय असं समजा.

३. ओळख. पिल्लू १०-१२ दिवसांचं झालं की आईजवळच थोडं थोडं क्रीप फीड ठेवायला सुरुवात करा. आणि तोडल्यावर तेच खाद्य किमान आठवडाभर ठेवा. घर बदललं त्याच दिवशी जेवणही बदलू नका.

४. ताजेपणा. दिवसातून एकदा ढीग घालण्यापेक्षा चार-पाच वेळा मूठमूठ घाला. उरलेलं आंबलेलं खाद्य काढून टाका. लातूरच्या बाजारातून आणलेली सोयाबीन पेंड वास घेऊन तपासा. बुरशीच्या मक्यावर गोडी टाकली तर पिल्लू तो खाईलही आणि आजारी पडेल. गोडी इथे शत्रू ठरते, कारण पिल्लाने नको म्हणायला हवं ते ती खायला लावते.

५. लोह. जन्मल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून लोहाचं इंजेक्शन. फिकं, अशक्त पिल्लू गोडीने उभं राहत नाही.

आणि एक आपल्या भागाचं. घरातली माणसं ऊसतोडीला जात असतील तर ज्या आठवड्यात घरात हात कमी, त्या आठवड्यात पिल्लं तोडायला काढू नका. मादीचा गाभणकाळ सुमारे ११४ दिवसांचा: तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. नर कधी दाखवला ते वहीत लिहा, म्हणजे तोडणीची तारीख आधीच कळेल.

आपल्याच शेडमध्ये चाचणी

पुडी उपयोगी आहे की नाही, हे माझं ऐकू नका, खाद्यवाल्याचंही ऐकू नका. काट्याचं ऐका.

– जवळपासच्या तारखांना व्यायलेल्या चार माद्यांची पिल्लं घ्या.
– प्रत्येक मादीची पिल्लं निम्मी-निम्मी वाटा. दोन्ही गटांत लहान-मोठी, नर-मादी सारखी आली पाहिजेत. धडधाकट सगळी एका बाजूला टाकलीत तर चाचणी संपली.
– दोन्ही गटांना जागा, पाणी, खाद्य एकसारखं. फरक फक्त पुडीचा.
– तोडण्याच्या दिवशी, सातव्या आणि चौदाव्या दिवशी वजन. पिल्लू पोत्यात घालून लटकत्या काट्यावर तोललं की झालं.
– रोज लिहा: किती खाद्य घातलं, किती उरलं, किती पिल्लांना हगवण, किती दगावली.

चौदाव्या दिवशी पुडीच्या गटाची सरासरी वाढ दुसऱ्या गटापेक्षा १२५ ग्रॅमहून बरीच जास्त असेल, हगवण कमी असेल, तर पुडी ठेवा. फरक नसेल तर बंद. एका खेपेवर फार भरवसा नको, दोन खेपा करा. खर्च जवळपास शून्य, आणि त्यानंतर कोणीही विक्रेता आला तरी तुमच्याकडे स्वतःचा आकडा असेल.

मिसळायचं कसं?

तयार पुडी असेल तर तिच्यावर लिहिलेलं प्रमाण पाळा. युरोपात पिल्लांच्या खाद्यासाठी सोडियम सॅकरिनची कमाल मर्यादा म्हणून किलोमागे १५० मिलिग्रॅम हा आकडा वापरला गेलाय. म्हणजे १०० किलो खाद्यात फक्त १५ ग्रॅम. एवढीशी पूड फावड्याने थेट ढिगात मिसळली तर एका घमेल्यात कडूझार आणि दुसऱ्यात काहीच नाही, असं होतं. म्हणून पायऱ्यांनी मिसळा: आधी एक किलो मक्याच्या पिठात, मग ते १० किलोत, मग १०० किलोत. "थोडं जास्त टाकू, जास्त खातील" हा विचार इथे उलटा पडतो. सॅकरिन जास्त झालं की कडवटपणा वर येतो आणि पिल्लू तोंड फिरवतं.

बंद करतानाही एकदम करू नका. चार-पाच दिवसांत बिनगोडाचं खाद्य वाढवत न्या.

बोअरवेलचाही विचार करा

सॅकरिन अंगात विरघळून संपत नाही, बहुतांश तसंच बाहेर पडतं आणि शेणा-मुतातून शेतात जातं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की पिल्लांच्या खाद्यातलं सॅकरिन खतावाटे जमिनीत पोचतं. तिथे बरंचसं कुजतं, पण काही भूजलापर्यंत जाऊ शकतं. आपल्या भागात पिण्याचं पाणी बोअरचं. शेण-मूत बोअरजवळ साठवू नका. आणि गोडी १४ दिवसांवर थांबवायचं हे आणखी एक कारण.

खाद्यवाल्याला विचारायचे पाच प्रश्न

१. पुडीत नेमकं काय आहे? "इम्पोर्टेड फॉर्म्युला" हे उत्तर नाही.
२. १०० किलोला किती ग्रॅम, आणि किलोमागे खर्च किती पडतो?
३. कोणत्या वयासाठी? कधी बंद करायची?
४. जनावरांच्या खाद्यासाठीचीच आहे का? बॅच नंबर आणि तारीख कुठे आहे?
५. चाचणीपुरती लहान पुडी द्याल का?

पाचव्या प्रश्नाला जो आनंदाने "हो" म्हणतो, त्याच्याशी पुढे बोला.

तर धर्मापुरीच्या दादांना माझं उत्तर असं: टाकून बघा, पण आधी पाणी, ऊब आणि ओळख यांची व्यवस्था लावा. क्रीप फीडपासून तोडल्यानंतरच्या चौदाव्या दिवसापर्यंत टाका आणि तिथे थांबा. गोडी पिल्लाची खाद्याशी ओळख करून देते, त्यापुढचं वजन मका, पेंड आणि तुमची मेहनत वाढवते.

पुढच्या वेताला चाचणी केलीत तर दोन्ही गटांचे आकडे व्हिडिओखाली नक्की लिहा. फरक पडला असेल तरी लिहा, नसेल पडला तरी लिहा. शेजारच्या तालुक्यातल्या एखाद्या ताई-दादांचे पैसे त्यातून वाचतील.

भेटू पुढच्या व्हिडिओत. वही जपून ठेवा!